फणसाची साक्ष

खासगी आवारातले झाड तोडण्यापूर्वी त्याची साक्ष नोंदवण्याचा नगरपालिकेचा नियम होता. वृक्ष अधिकारी मृणाल बोरकर यांनी फणसाच्या खोडाला यंत्र लावून त्याचे म्हणणे ऐकले. नातीच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला म्हणून अर्ज करणारे निवृत्त अभियंते केशवराव शेजारीच उभे होते.

“काका, तडा मुळांमुळे नाही,” मृणाल म्हणाल्या, “असं झाड सांगतंय. तुमचा जमिनीखालचा पाइप गळतोय. पायाखालची माती कधीच वाहून गेली. तीन वर्षं भिंत या मुळांनीच धरून ठेवली आहे.”

“दर रविवारी मी तडा मोजत होतो,” केशवराव ओशाळून म्हणाले, “पाइप मात्र एकदाही तपासला नाही.”

“मग अर्ज मंजूर करू?”

“छे हो, फाडा तो! उपकार झाले, असं याला सांगता येईल?”

“यंत्र फक्त ऐकतं, काका. सांगायचं तुम्हीच.”

केशवरावांनी चपला काढल्या आणि खोडाला कपाळ टेकवले.