किल्ली

"किल्ली दादांच्या खिशातच राहिली, वहिनी," टेम्पोतून उतरत जोडीदार लाइनमन म्हणाला. खांबावर काम चालू असताना आग्यामोहोळ उठलं आणि तिचा नवरा दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

उपकेंद्राचा शिरस्ता होता. कामाला जाणाऱ्यानं बंद स्विचची किल्ली सोबत न्यायची आणि स्वतःच परत आणायची. ऑपरेटरनं "लाइन मोकळी?" विचारायचं, त्यानं "मोकळी" म्हटलं की वीज सोडायची. ऑपरेटर तीच होती.

पाच गावं खोळंबली होती. तिनं टेम्पोत चढून तिथं निजवलेल्या नवऱ्याच्या खिशातून किल्ली काढली, तिला चिकटलेली मेलेली मधमाशी झटकली.

"लाइन मोकळी?" तिनं नेहमीच्याच आवाजात विचारलं आणि थांबली. यार्डातल्या खडीत टिटवी ओरडत होती.

"मोकळी, वहिनी," अखेर लाइनमन म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं, भाऊजी."