मागच्या रांगेतला प्रश्न

"तुम्ही कोणत्या चॅनेलच्या?" केंद्रीय मंत्र्यांनी हसत विचारलं.

"कोणत्याच नाही, साहेब. मी स्वतंत्र पत्रकार," मागच्या रांगेतून शाल्मली गवारे म्हणाली. दिल्लीत येऊन चार वर्षं झाली, पण पत्रकार परिषदेत माईक आज पहिल्यांदाच तिच्या हाती आला होता. "मुलींची साडेतीनशे वसतिगृहं सुरू झाली, असं आत्ताच सांगितलंत. त्यांतल्या कितींमध्ये आज मुली राहतात?"

"आधी मोठ्यांना विचारू द्या, बाई!" मंत्री म्हणाले आणि सभागृहात खसखस पिकली.

शाल्मलीचे कान तापले. तीन महिने सहा राज्यं पालथी घालून तिने त्या वसतिगृहांची कुलपं पाहिली होती. सगळी पायपीट पाण्यात गेली, असं वाटून ती खाली बसली.

माईक पहिल्या रांगेत गेला. ज्येष्ठ संपादक सूद उठले. त्यांची-तिची साधी ओळखही नव्हती. "माझाही प्रश्न तोच," ते शांतपणे म्हणाले. "कितींमध्ये मुली राहतात?"

त्यांच्या शेजारच्या बाईंनी माईक घेतला. "माझाही तोच."

तिसऱ्याने तर माईक न घेताच मागे शाल्मलीकडे बोट दाखवलं.

मंत्र्यांनी पाण्याचा घोट घेतला. सचिवांनी पुढे केलेली चिठ्ठी वाचून ते पुटपुटले, "एकोणीस."

"मागे ऐकू आलं नाही, साहेब!" सूद म्हणाले. मंत्र्यांना तो आकडा खणखणीत सांगावा लागला.

शाल्मलीला हसू आवरेना. तशीच हसत तिने दुसऱ्या प्रश्नासाठी हात वर केला, आणि पहिल्या रांगेतून माईक हातोहात तिच्यापर्यंत आला.