कार्ब्युरेटरमधला गाळ

जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळाने चिटगुप्प्याच्या विजयश्रीला लेखी कळवले, की तिच्या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनात दोष नसून तो दुरुस्ती शिकणाऱ्या बाईच्या हातात आहे. त्याच हातांनी ब्रेक नवे बसवले होते आणि इग्निशनचे टायमिंग जुळवले होते, याची दखल घेण्याचे कष्ट मंडळाने घेतले नाहीत. खाली तज्ज्ञ म्हणून सही होती तिच्या वडिलांची, श्रीपतरावांची. त्यांची उभी हयात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली होती.

दसऱ्यापर्यंत गाडी नीट चालली नाही, तर ती भंगारात जाणार होती. आठवडाभर खपून विजयश्री ट्यूनिंग जुळवी, इंजिन एका लयीत चालू लागे, आणि सोमवार उजाडला की ते पुन्हा आचके देत बंद पडे.

"सोड की आता, विजू," श्रीपतराव म्हणत. "कामून जीव काढून घ्यायलीस?"

शेवटी तिने कार्ब्युरेटर पुरता उघडला. पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे पिवळ्या गाळाने बुजली होती. तिने तो बोटावर घेऊन हुंगला, हळद होती. भांडण्याचेही त्राण तिच्यात उरले नव्हते. तेच बोट तिने वडिलांपुढे धरले.

श्रीपतराव चष्मा काढून बोटावर वाकले. मग म्हणाले,

"व्हय, मीच. तुला यश यावं म्हणून दर रविवारी टाकीत मल्लण्णा देवाचा भंडारा टाकायलो. तरी गाडीला गुण येईना, म्हणून मागच्या बारीला चिमटीची मूठ केलो."