कबरीतलं फळ

अंगणाच्या तोंडाशीच ओगुतूने काठी आडवी धरली.

"तिथंच थांबा, बाई. आमचं हे पोर मेलंय. मेलेलं पोर अंगणात घेत नसतात."

पोर तर तुर्फेनाच्या पाठीमागे धडधडीत उभं होतं. आता बोला.

तुर्फेना किसुमू शहरातल्या मिशनची. शनिवारी बसस्टँडवर चहा-पाव वाटायचा, गोंदाच्या बाटल्या हुंगणारी पोरं गोळा करायची, गोडीगुलाबीने त्यांचं नाव-गाव काढून घ्यायचं आणि घरी पोचवायचं, हे तिचं काम. या पोराने ओचोला हे नाव सांगितलं, गाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, तशी ती त्याला घेऊन सरोवराकाठच्या या वाडीत आली होती.

रीत तिलाही ठाऊक होती. चार वर्षांपूर्वी काठावर ओचोलाचा सदरा सापडला, ओचोला सापडला नाही. बुडाला असं सगळे धरून चालले. प्रेत नव्हतं, म्हणून यागोच्या झाडाचं लांबडं, जड फळ कापडात गुंडाळून त्याच्या नावाने अंगणात पुरलं आणि त्यावर रडून घेतलं. एकदा असं रडून झालं की माणूस संपला. तो परत आला तर घरातल्या कुणाचा तरी जीव घेतो म्हणतात. पुढे खरोखर मेला, तरी त्याला त्या अंगणात माती मिळत नाही.

"दादा, जिवंत पोराला काय रस्त्यावर सोडू?" तुर्फेना म्हणाली.

"हा आमचा कशावरून? तोंडावळा तर ओळखू येत नाही."

"चार वर्षं बसस्टँडवर काढून बघा, मग तुम्हाला कोण ओळखतंय ते सांगा मला."

ओगुतूने पोराला जवळ बोलावलं. "माझी होडी कुठल्या रंगाची होती रे?"

"हिरवी. नंतर तुम्ही पिवळी केली."

"घरातून का गेलास?"

पोराने मान वर केली नाही. "जाळं फाटलं म्हणून तुम्ही मला दोराने मारलंत, काका. आई रडत होती. मी सदरा काठावर टाकला आणि पळालो."

ओगुतूचं तोंड एवढंसं झालं. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

तेवढ्यात पेरेस घरातून आली. पोराची आई, ओगुतूच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. मासळी साफ करतानाच उठून आली होती, हात ओले होते. तुर्फेनाने अशा भेटी पुष्कळ पाहिल्या होत्या. आया किंचाळतात, जमिनीवर लोळण घेतात. ही नुसती बघत राहिली.

"बसस्टँडवर होतास?" तिने विचारलं.

"हो."

"सोबतीला कुणी होतं?"

"होता एक जण. एकाच पोत्यावर निजायचो. मग तो गेला."

पेरेसने डोळे पुसले. "भूक लागली असेल," म्हणाली.

दोर आठवल्यापासून ओगुतू जरा नरमला होता. तो म्हणाला, "ठीक आहे. रीतीने होऊ दे. कबर उकरायची, फळ काढून सरोवरात सोडायचं, एक मेंढरू कापायचं. मग येऊ दे त्याला आत."

मिशनच्या पाद्रींना हे मुळीच रुचलं नसतं. पण तुर्फेनाला पोराच्या डोक्यावर छप्पर हवं होतं. तिने स्वतःच कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"ठेवा ती खाली," पेरेस म्हणाली. ती कबरीपाशी जाऊन उभी राहिली होती. "इथल्या मातीला कुणी हात लावायचा नाही."

"मग पोर आत येणार नाही," ओगुतू म्हणाला.

तुर्फेनाचं डोकं सणकलं. "पेरेस, तू आई आहेस की कोण? एका कुजक्या फळापायी पोटच्या गोळ्याला दारात उभं करतेस?"

पेरेसने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भावजी, मी कुंपणाबाहेर झोपडी घालते. त्याला घेऊन तिथं राहीन. तुमचं अंगण तुम्हाला."

"वेडी झालीस काय? नवऱ्याचं घर सोडून गेलीस तर परत पाऊल टाकता येणार नाही. मेल्यावर या अंगणात तुलाही माती मिळणार नाही."

"नको मिळू दे. पण ही कबर उकरायची नाही, एवढं मला वचन द्या."

ओगुतूने हात झटकले आणि म्हणाला, "दिलं."

पेरेसने चूल, दोन भांडी आणि चटई बाहेर आणली. कुंपणाबाहेरच्या आंब्याखाली मक्याच्या पिठाची उगाली रटरटली. पोर खाली मान घालून वचावचा जेवायला लागलं. तुर्फेनाला आपल्याच शब्दांची लाज वाटली. निघताना तिने पेरेसचा हात धरला.

"मी बोलायला नको होतं. पण घर गेलं गं तुझं. फळ काढलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पेरेस पोराकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "ओचोला मागच्या वर्षीच घरी आला, बाई. तापाने नुसता फणफणत होता. सगळी वाडी पलीकडच्या गावाला मयतीला गेली होती. माझ्या मांडीवरच गेला. घरच्यांना कळलं असतं तर त्याला बाहेर कुठंतरी पुरलं असतं. म्हणून मीच कबर उकरली आणि त्याला त्या फळाशेजारी निजवलं."

तुर्फेना आंब्याकडे वळली, तशी पेरेसने तिला मागे ओढलं.

"त्याला काही विचारू नका. मला ठाऊक आहे हे कळलं, तर तो पुढचा घास घेणार नाही."