युटिकाची विहीण

मुलाच्या लग्नाला लोरेन आमच्या युटिकाहून थेट ॲरिझोनाला गेली, ती गावच्या बेकरीतल्या अर्ध्या काळ्या-अर्ध्या पांढऱ्या हाफमून बिस्किटांचे दोन डबे घेऊनच.

तिकडे जो तो विचारायचा, “युटिका? हे कुठे आलं?”

“न्यूयॉर्क राज्यात,” म्हटलं की लगेच, “अरे वा, मग रोज ब्रॉडवेची नाटकं बघत असाल!” न्यूयॉर्क शहर युटिकाहून चार तास लांब, हे कुणाच्या गावीच नाही.

नवरीच्या आईनं तर “या युटा राज्यातल्या बरं का” अशीच तिची ओळख करून दिली. लोरेन हिरमुसून बिस्किटांच्या टेबलापाशी जाऊन बसली.

तेवढ्यात नवरीच्या मावशीचे यजमान विन्स आले. सूट-टायमधला रुबाबदार माणूस. एक बिस्कीट तोंडात टाकलं आणि त्यांचे डोळेच भरून आले.

“ब्लीकर स्ट्रीटवरच्या बेकरीतलं ना?”

लोरेन उडालीच. “अहो, तुम्हाला युटिका माहीत आहे?”

“जन्म तिथलाच माझा! दारातला बर्फ उपसून उपसून मोठा झालोय.”

“थांबा, आता सगळ्यांनाच बोलावते!” म्हणत ती उठली.

विन्सनी घाईघाईनं तिचा हात धरला.



“हळू बोला हो! तीस वर्षं बायकोला सांगत आलोय, मी मॅनहॅटनचा म्हणून.”