चाळीस कॉप्या

“अगं, डिलीट केलंय की मी!” आत्या म्हणाली.

“आत्या, तुझ्या भावाचं दुकानच डिलीट केलेलं परत काढण्यावर चालतं.” भाचीने तिच्या हातातला पेन ड्राइव्ह ओढून घेतला आणि लॅपटॉपमध्ये खुपसला. बाथरूममध्ये नळ सुरू झाला होता. बाबांची अंघोळ म्हणजे वीस मिनिटं. दाढी असेल तर सत्तावीस. आज दाढी नव्हती.

त्या घरात पेन ड्राइव्ह चमच्यांसारखे पडलेले असत. बाबांच्या साठीची फिल्म एडिटरकडून आणायला आत्याने त्यातला नेमका तोच उचलला होता, जो बाबांना आज गिऱ्हाइकासाठी हवा होता. आणि हातात येईल त्या पेन ड्राइव्हच्या पोटात आधी काय काय होतं, ते उकरून बघायची बाबांना सवय. लोक सकाळी पेपर वाचतात, तसं.

फिल्ममध्ये एकोणीस जण बोलले होते. अठरा जणांची काही भीती नव्हती. एकोणिसावा बाबांचा जुना भागीदार. अकरा वर्षं दोघांत शब्द नव्हता, आणि रविवारी साठीच्या समारंभाला तो स्वतः येणार होता. बाबांना त्याची कुणकुण लागली की रविवारी त्यांना परगावचं काम निघणार, हे दोघींना तोंडपाठ होतं.

“आता गं?”

“आता बाबांना हरवणारा एकच माणूस आहे.” तिने भागीदारालाच फोन लावला.

काका आधी पोटभर हसले. मग म्हणाले, “नुसतं फॉरमॅट नको करूस, ते तो जेवता जेवता परत काढेल. जुन्या फाइलच्या जागेवर दुसरं काही बसल्याशिवाय ती जात नाही. एक मोठी फाइल घे, ड्राइव्ह गच्च होईपर्यंत तीच कॉपी कर, मग सगळं उडव. थांब, फाइल मीच देतो.”

“द्या, द्या!” आत्या ओरडली आणि तिने स्वतःचंच तोंड दाबलं.

फाइल आली. पाच कॉप्या, दहा, बारा. पेन ड्राइव्ह जेमतेम चार जीबीचा, पण म्हातारा. दमून दमून गिळत होता. नळ बंद झाला. आत्या धावत दाराशी गेली.

“दादा, पाठ घासलीस का?”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“साठीचा घोडा आहेस. कानामागे पण घास!”

नळ पुन्हा सुरू झाला. छत्तीस. एकोणचाळीस. चाळीस. स्क्रीनवर आलं, जागा शिल्लक नाही. भाचीने एका फटक्यात सगळं उडवलं, पेन ड्राइव्ह होता तिथे ठेवला, तेवढ्यात कडी वाजली. दोघींनी टाळी द्यायला हात उचलले आणि आवाज होईल म्हणून हवेतच थांबवले.

बाबा डोकं पुसत टेबलाशी बसले. पेन ड्राइव्ह लावला, आपलं उकरायचं सॉफ्टवेअर चालू केलं. मागे दोघी चादरीची घडी घालत होत्या. तीच चादर, चौथ्यांदा.

“चाळीस फाइली?” बाबा पुटपुटले. “आणि सगळ्या एकाच मापाच्या?”

त्यांनी एक उघडली. अर्ध्यावर अडकलेलं दुकानाचं शटर. खाली दोन तरुण, त्यातले एक बाबा, दोघांचे खांदे शटरला लावलेले, हसून हसून जोर लागत नाहीये. कुणीतरी ओरडतंय, एक, दोन, तीन! शटर ढिम्म.

चादर भाचीच्या हातातून सुटली. चाळीस कॉप्या केल्या होत्या तिने. उघडून एकही बघितली नव्हती.

बाबांनी दुसरी उघडली. मग अकरावी. मग थेट चाळिसावी. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत बघितली. काकांचं नाव कुणी घेतलं नाही. आत्याने उचकी लागल्यासारखा आवाज काढला.

बऱ्याच वेळाने ते उठले, कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले आणि मान वाकडी करून कानशिलावरचे केस निरखू लागले.

“चिमे,” ते बहिणीला म्हणाले, “कलप रविवारी सकाळी लावला तर चालेल, की आदल्या दिवशीच लावून ठेवू?”