सहकर्जदार
गृहकर्जाच्या टेबलासमोर बसल्यापासून वायरमनचा पाय सारखा हलत होता. नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि बँकेच्या साहेबांना तीन वर्षांचे हिशेब हवे होते. "कामं भरपूर आहेत हो," तो काकुळतीला आला. "कागदावर दिसत नाहीत," साहेब म्हणाले. "घरात पगारदार कोणी?" शेजारी बसलेल्या बायकोने पर्समधून आपल्या पगाराच्या पावत्या काढल्या. "म्हणजे तू ठरवूनच आलीस?" "सांगितलं असतं तर आलाच नसतास." साहेबांनी मान डोलावली. मुख्य कर्जदार ती, तो सहकर्जदार. त्याने दोनदा पेन उचलून खाली ठेवलं. 'मी घर घेतोय' म्हणून नात्यागोत्यात मिरवून झालं होतं. शेवटी सही ठोकली. बँकेबाहेर पडताना तो घुश्शातच म्हणाला, "मग घरमालकीणबाई, वायरिंग कोणाला देणार?" "कोटेशन द्या, बघते. दर वाजवी लावा, हप्ते माझ्या पगारातून जाणारेत."